चालू होतंय खरं

आमच्या अनगोळात ‘पण’ या शब्दाला फारसं काम मिळत नाही. त्याची जागा ‘खरं’नं घेतली आहे. ‘येतो म्हणाला खरं आला नाही’, ‘आभाळ आलंय खरं पाऊस नाही.’ पुण्याकडून आलेली नवी सून महिनाभर गोंधळते, मग तीही तसंच बोलू लागते. बेळगावपासून निपाणीपर्यंत आणि पुढं कोल्हापुरातही हा ‘खरं’ चालतो. संगणक दुरुस्तीच्या दुकानात घटकाभर थांबलं, तर तो हटकून कानावर पडतो. गिऱ्हाईक काखेत सीपीयू मारून येतं. (प्रोसेसर हा आतला एक चौकोनी तुकडा, खरं आपण सगळे अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतो.) पेटी काउंटरवर ठेवतं आणि सांगतं, ‘‘चालू होतंय खरं डिस्प्ले येईना.’’

या एका वाक्यात अर्धं निदान झालेलं असतं. पंखा फिरतो, पुढचा दिवा लागतो, म्हणजे वीज आत पोचली. पडदा काळा राहतो, म्हणजे वीज पोचल्यापासून चित्र उमटेपर्यंतच्या वाटेत कुठंतरी काम अडलं. ते कुठं अडलं हे शोधायची एक रीत आहे. ती हातात बसलेला माणूस बहुतेक वेळा तासाभरात यंत्राला बोलतं करतो. ती माहीत नसली की दोनपैकी एक होतं. ‘बोर्ड गेला’ म्हणून चांगली पेटी भंगारात जाते, नाहीतर घाईघाईनं ‘फॉर्मॅट मारला’ जातो. दुसरी गोष्ट माझ्या घरात घडली आहे.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी मला अनगोळच्या आठवणी सांगायला घेतल्या. तळ्याकाठची बासमतीची शेतं, भात झोडपायचे दिवस, रेल्वे गेटजवळ थांबणाऱ्या बैलगाड्या, कुणाच्या घरी कुठलं वाण पेरलं जाई, असं सगळं. दोन हिवाळे ते बोलत राहिले आणि मी टंकत राहिलो. दीडशेच्या वर पानं झाली होती. एका सकाळी संगणक लावला तर पडदा काळा. मी पेटी उचलली आणि गावातल्या एका दुकानात नेऊन दिली. संध्याकाळी फोन आला, ‘‘झालंय ओ, घेऊन जावा.’’ घरी आणून लावला. पडदा लखलखीत होता आणि आत काही नव्हतं. दुकानातल्या मुलानं विंडोज नव्यानं घातली होती. त्याच्या हिशेबात त्यानं काम चोख केलं होतं. वडिलांना तोवर बोलताना धाप लागायला लागली होती. ते ‘‘असू दे’’ म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचं त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

काळा पडदा आणि ती दीडशे पानं यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता, हे मला कितीतरी वर्षांनी उमगलं. पानं हार्ड डिस्कवर होती. आमची पेटी तर डिस्कपर्यंत पोचायच्या आधीच अडली होती. रॅमची पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसवली असती तर कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. तेव्हापासून कुणाच्या संगणकाचा ‘डिस्प्ले येईना’ असं ऐकलं की मी तिथं जाऊन बसतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याचे हात बघतो.

गेल्या आषाढात असाच आमच्या भागातल्या एका डीटीपीच्या दुकानात बसलो होतो. दुकान दहा बाय बाराचं. भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने लावलेले, एका पानावर मराठी आणि दुसऱ्यावर कन्नड, कारण नवऱ्याकडचे निपाणीचे आणि नवरीकडचे बैलहोंगलचे असले की दोन्ही लागतं. गणपती जवळ आले होते, त्यामुळं मंडळांच्या वर्गणीच्या पावती पुस्तकांची गर्दी. बाहेर आमचा नेहमीचा पाऊस चालला होता. बेळगाव अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या पाठीला लागून. आषाढात इथं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, घरात मीठ पाझरतं, पापड नरम पडतात. दुकानाचे मालक काका त्या सकाळी डोक्याला हात लावून बसले होते.

दुरुस्ती करणारा गडी चाळिशीचा. त्याचे वडील उद्यमबागेत लेथवर होते, तो स्वतः आयटीआय करून या धंद्यात आला. छत्री दाराशी उलटी ठेवून तो आत आला आणि पेटीला हातही न लावता स्टुलावर बसला.

‘‘काय झालंय काका?’’

‘‘सकाळधरनं असंच करायलंय बघ. चालू होतंय खरं डिस्प्ले येईना.’’

‘‘काल बंद करताना नीट होतं?’’

‘‘होतं की.’’

‘‘रात्री लाईट गेली होती?’’

‘‘दोनदा गेली.’’

‘‘आत कोण हात घातला होता काय? नवीन काय लावलाय? पेटी हलवलाय?’’

काकांनी आठवून सांगितलं, आदल्या दिवशी छपराला गळती लागली म्हणून टेबल भिंतीपासून हातभर ओढलं होतं. गड्यानं मान हलवली. हे पाच-सहा प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. वैद्य नाडी धरायच्या आधी ‘काल काय खाल्लं’ विचारतो, तसं हे आहे. रात्रीतून बिघडलेल्या यंत्रात आणि कुणी हात लावल्यावर बिघडलेल्या यंत्रात फार फरक असतो. पेटी हलली असेल तर आधी सैल झालेल्या वायरी बघायच्या. नवी वस्तू लावली असेल तर ती आधी काढायची. लाईट गेली-आली असेल तर पॉवर सप्लाय, म्हणजे दुकानाच्या भाषेत एसएमपीएस, याच्यावर संशय घ्यायचा.

मग त्यानं मॉनिटरची वायर पेटीपासून सोडवली आणि मॉनिटर तसाच चालू ठेवला. पडद्यावर ‘नो सिग्नल’ची पाटी फिरू लागली. म्हणजे मॉनिटर धडधाकट होता. त्याला दाखवायला कुणी काही देत नव्हतं. ही पाटीसुद्धा आली नसती तर दोष मॉनिटरचा, त्याच्या बटणाचा नाहीतर त्याच्या वीजवायरचा, आणि पेटी उघडायची गरजच नव्हती. पेटी उचलून दुकानात आणलेल्या किती गिऱ्हाइकांचा बिघाड घरी टेबलावरच राहिलेला असतो, हे त्याच्याकडून ऐकण्यासारखं आहे. कुणी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलेलं असतं आणि वायर मात्र जुन्याच, बोर्डावरच्या भोकात खुपसलेली असते.

वायर पुन्हा घट्ट बसवून त्यानं पेटी चालू केली, अर्धं मिनिट थांबला आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, नाही. ही खूण मला तोवर ठाऊक नव्हती. नम लॉक दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आत पूर्ण जागं झालेलं असतं आणि फक्त चित्र पोचत नसतं. दिवा ढिम्म राहिला तर यंत्र जागं व्हायच्या वाटेवरच कुठंतरी अडलेलं असतं. एका बटणाच्या दाबानं अर्धी वाट छाटली जाते.

ही वाट कशी असते ते इथं सांगायलाच हवं, कारण ती कळली की काळ्या पडद्याची भीती निम्मी होते. आपण बटण दाबतो तेव्हा संगणक लगेच सुरू होत नाही. बटण फक्त एसएमपीएसला उठवतं. तो आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे दाब तयार करतो, ते स्थिर झाले की बोर्डाला तसा इशारा देतो. या कामाला सेकंदाचा काही अंशच लागतो. तोवर प्रोसेसरला मुद्दाम थोपवून धरलेलं असतं. इशारा मिळाला की त्याला मोकळं सोडतात, आणि तो जन्मतःच शिकवून ठेवलेल्या एका ठराविक पत्त्यावर पहिली आज्ञा वाचायला जातो. त्या पत्त्यावर बोर्डावरची एक छोटी चिप असते. तिच्यात बायोस असतो. नव्या यंत्रांत त्याच्या जागी यूईएफआय आलं आहे. या घडीला रॅम वापरण्याजोगी नसते, पडदा माहीत नसतो, डिस्क माहीत नसते. प्रोसेसर स्वतःच्या पोटातली इवलीशी कॅश स्मृती वापरून एकेक इंद्रिय जागं करत जातो. आधी रॅम, मग चित्र काढणारी चिप, मग कीबोर्ड, आणि सगळ्यात शेवटी डिस्क, जिच्यावर विंडोज असते आणि आपला सगळा संसार असतो. या स्वतपासणीला पोस्ट म्हणतात.

पडदा या रांगेत बराच मागे उभा असतो. त्याच्या पुढं उभ्या असलेल्यांपैकी कुणी कोसळलं, तर ती बातमी पडद्यावर यायला मार्गच नसतो. ही अडचण संगणक बांधणाऱ्यांना पहिल्यापासून दिसली होती. आयबीएमनं १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जगापुढं ठेवला, तेव्हाच त्याच्या पोटात एक लहान स्पीकर बसवला होता. सगळं ठीक असलं की एक आखूड शिटी. पडदा चालवणाऱ्या कार्डात दोष असला तर एक लांब आणि दोन आखूड. डोळ्यांना दाखवता येत नाही म्हणून कानांना सांगायची ही सोय चाळीस वर्षं उलटली तरी चालू आहे. शिट्यांची भाषा मात्र बायोस बनवणाऱ्यानुसार बदलते. एकाची एक लांब-दोन आखूड चित्राच्या दोषाची असते, तर दुसऱ्याच्या यंत्रात त्याच दोषाला आठ आखूड वाजतात. म्हणून बोर्डावरचं नाव वाचल्याशिवाय शिट्यांचा अर्थ लावू नये.

आजकाल मेख अशी की बऱ्याच पेट्यांत हा स्पीकरच बसवलेला नसतो. बोर्डावर त्याची चार पिनांची जागा रिकामी राहते. यंत्र तिथं आपलं दुखणं सांगत राहतं आणि ऐकायला कुणी नसतं. गड्यानं खिशातून चिंचोक्याएवढा स्पीकर काढला, त्याच्या दोन तारा त्या पिनांवर खोचल्या आणि बटण दाबलं. लांब शिटी, थांबा. लांब शिटी, थांबा. पुन्हा लांब.

‘‘रॅम,’’ तो म्हणाला.

काकांनी तोवर धरून ठेवलेला श्वास सोडला.

मला त्याच्या ऐकण्याचं फार कौतुक वाटतं. अनगोळच्या शेजारची उद्यमबाग म्हणजे फाउंड्र्या, लेथ, ग्राइंडर, हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने. इथल्या घराघरात कुणी ना कुणी लोखंडाशी काम केलेलं आहे. लेथचं बेअरिंग बिघडायला लागलं की जुना कामगार लांबून आवाजावर सांगतो. त्याच कानांची पोरं आज संगणकाच्या पंख्याचा आवाज ऐकतात. पंखा जोरात सुटून तसाच राहिला तर एक अर्थ. दोन सेकंद फिरून थांबला, पुन्हा फिरला, पुन्हा थांबला तर दुसरा. अशा वेळी बोर्डावर कुठंतरी शॉर्ट असतो किंवा एसएमपीएसची दमछाक झालेली असते. मुळीच फिरला नाही तर निदान वेगळ्याच घरातून सुरू करायचं, स्विचबोर्डापासून.

उद्यमबागेची आणखी एक देणगी पेटी उघडल्यावर दिसते. फाउंड्रीच्या अंगणात, ग्राइंडिंगच्या शेडशेजारी ठेवलेल्या संगणकांत साधी धूळ नसते. तिच्यात लोखंडाचा कीस असतो आणि लोखंडातून वीज वाहते. कोरड्या दिवसांत तो नुसता बसून राहतो; पावसाळ्यात दमट झाला की जिथं संबंध नको तिथं संबंध जोडतो. अशा ठिकाणचा काळा पडदा नुसत्या हवेच्या झोतानं आणि मऊ ब्रशनं साफ झालेला मी दोनदा पाहिला आहे. पाली आणि झुरळं हा आणखी वेगळा अध्याय. एसएमपीएसची ऊब पालींना फार आवडते, आणि तिथं मेलेली पाल अख्खं यंत्र बंद पाडू शकते.

रॅमकडं वळू. गड्यानं पेटीची वायर भिंतीतून काढली, मग पुढचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून गेली. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात टेकवला, अंगातली स्थिर वीज उतरवली. हिवाळ्यात रेक्झिनच्या खुर्चीवरून उठून आपण दाराच्या कडीला हात लावतो तेव्हा बसणारा चटका चिपला पुरेसा असतो. मग दोन्ही कडांच्या कुंड्या दाबून त्यानं रॅमच्या दोन पट्ट्या बाहेर काढल्या आणि काकांकडं पांढरं खोडरबर मागितलं.

खोडरबराचा हा इलाज भारतातल्या प्रत्येक दुरुस्तीच्या टेबलावर आहे. त्यामागचं कारण साधं आहे. रॅमच्या तळाला जी पिवळी बोटं दिसतात, त्यांच्यावर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही पातळ. सोनं गंजत नाही. खरं त्याच्यावर धूळ, तेलकटपणा आणि दमटपणा यांचा पापुद्रा बसतो, आणि खाचेतली समोरची पाती हलकी असली तर तिच्यावर गंजही धरतो. शिवाय यंत्र रोज तापतं, रोज निवतं. तापल्यावर फुगणं आणि निवल्यावर आकसणं या खेळात खाचेतल्या वस्तू केसभर-केसभर वर सरकतात. काकांनी टेबल हातभर ओढलं, तेवढा हिसका शेवटचा ठरला असावा.

पण घासताना तारतम्य हवं. वाळूचं, शाई खोडायचं खरबरीत रबर वापरलं तर सोन्याचा थर निघून जातो आणि पट्टी कायमची कामातून जाते. गडी मऊ रबर हलक्या हातानं, एकाच दिशेनं फिरवत होता. नंतर पडलेला भुगा ब्रशनं झाडून, कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्यानं बोटं पुसली. खाचेतही ब्रश फिरवला.

मग त्यानं जे केलं, ते मला या सगळ्या विद्येचं मर्म वाटतं. दोन पट्ट्या होत्या, चार खाचा होत्या. त्यानं एकच पट्टी एकाच खाचेत लावली आणि बटण दाबलं. लांब शिटी. बंद केलं. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. लांब शिटी. बंद. ती बाजूला ठेवून दुसरी पट्टी पहिल्या खाचेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झालं ते लक्षात ठेवायचं. घाईला आलेला माणूस चार गोष्टी एकदम बदलतो. त्यातली एक लागू पडते आणि यंत्र सुरू होतं, कुठल्या गोष्टीनं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी त्याला पुन्हा चारही कराव्या लागतात. कधी एक सुधारते आणि दुसरी बिघडते, आणि माणूस चकव्यात सापडतो.

तो असा एकेक करून बघत असताना काका मला आपल्या यंत्राबद्दल सांगत होते. त्यावर अजून विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, म्हणून काकांनी ते इंटरनेटला जोडलेलं नाही. आत पेजमेकर आहे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. आणि मराठीचे जुने फॉन्ट आहेत. आपल्याकडं युनिकोड रुळायच्या आधी मराठी टंकायची रीत अशी होती की आत अक्षरं रोमनच साठायची आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप द्यायचा. तो फॉन्ट काढून घेतला की ‘श्री गणेशाय’च्या जागी इंग्रजी अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं दिसतं. र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला आणि देवनागरी सरळ यंत्राच्या आत शिरली. खरं छपाईचा धंदा पुढं कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांवर चालत राहिला. काकांच्या डिस्कवर पंचवीस वर्षांच्या पत्रिका, भजनी मंडळांच्या पुस्तिका, गल्लीतल्या दिवंगतांच्या बाराव्याची कार्डं आहेत. हे सगळं फक्त या एका पेटीत नीट वाचता येतं. नवा संगणक घ्यायला त्यांची ना नाही. त्यांना हा जिवंत राहायला हवा आहे, एवढंच.

म्हणून गड्यानं पेटी उघडल्यावर सगळ्यात आधी, रॅमला हात लावायच्याही आधी, हार्ड डिस्कची वायर सोडवून ठेवली होती. डिस्प्ले शोधायला डिस्क लागत नाही. कितीही काळा पडदा असला तरी डिस्क बाहेर काढून, युएसबीच्या एका छोट्या जोडणीनं दुसऱ्या संगणकाला लावून आतला मजकूर उतरवून घेता येतो. हे गिऱ्हाइकानं दुकानात पाऊल टाकताच स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे: आधी माझा मजकूर, मग दुरुस्ती. माझ्या वडिलांची पानं या एका वाक्याअभावी गेली. नव्या लॅपटॉपांत एक सावधगिरी वाढली आहे. विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. अशी डिस्क दुसरीकडं लावली किंवा बायोसच्या काही मांडण्या बदलल्या की ती ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. यंत्र धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

काळ्या पडद्याची दुसरी जात याहून निराळी असते. तिथं कंपनीचं बोधचिन्ह येतं, गोल फिरतं आणि मग अंधार होतो. कधी अंधारात नुसता माऊसचा बाण हलत असतो. चिन्ह दिसलं याचा अर्थ रॅम, चित्र काढणारी चिप, वायर, मॉनिटर सगळं शाबूत आहे. आता दोष विंडोजमध्ये किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये शोधायचा. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाचा लॅपटॉप परीक्षेच्या तोंडावर असा झाला होता. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबल्या तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. त्यानं भागलं नाही. विंडोजची कळ आणि पी दाबून चित्र दुसऱ्याच, न जोडलेल्या पडद्याकडं तर जात नाही ना, हे बघितलं, तेही नव्हतं. शेवटी सुरू होता-होता दोन-तीनदा बटण दाबून धरून बंद केल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर आली, तिथून सेफ मोडमध्ये जाऊन आदल्या रात्री आलेला ड्रायव्हर मागं फिरवला. फाईल एकही गेली नाही. लॅपटॉपचा पडदा काळा असेल तर अंधाऱ्या खोलीत त्याच्यावर तिरका टॉर्च मारून बघावा. अंधुक चित्र दिसलं तर चित्र येतंय आणि मागचा उजेड गेला आहे, एवढंच.

ड्रायव्हरला चुकीची फाईल मिळाली तर काय होऊ शकतं हे १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल अद्ययावत होताना गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीनं फाईल दीड तासाच्या आत मागं घेतली. खरं पडलेली यंत्रं त्यानं उठेनात. प्रत्येक यंत्रापुढं माणूस जाऊन बसला, सेफ मोडमध्ये शिरला, ती फाईल पुसली, तेव्हा ती उठली. हजारो कार्यालयांत त्या आठवड्यात हेच काम चाललं होतं, आणि ते करणारे आमच्या गड्यासारखेच कारागीर होते.

दोन गोष्टींना मात्र घरच्या घरी हात लावू नये असं मला कळकळीनं सांगायचं आहे. एसएमपीएसची बंद डबी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्या आतल्या कपॅसिटरांत तीनशे व्होल्टच्या वर दाब शिल्लक असू शकतो. दुसरं म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागं तारच नसते. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर संगणकवाल्याआधी वायरमनला बोलवावं. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, विजा कडाडायला लागल्या की मॉनिटरची, पेटीची आणि इंटरनेटची वायरही काढून ठेवावी. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

बोर्ड खरोखरच गेलेला असतो तेव्हा तो बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसतो. प्रोसेसरभोवती उभे असलेले छोटे डबे, कपॅसिटर, त्यांचं डोकं सपाट असलं पाहिजे. ते फुगून वर आलं असेल, त्यातून तपकिरी चिकट काही ओघळलं असेल, तर तिथं दोष आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या बोर्डांवर असे सदोष कपॅसिटर लागले होते आणि दोन-तीन वर्षांत ते फुगून यंत्रं काळी पडत. तेव्हाही चांगला कारागीर दोन-चार कपॅसिटर बदलून बोर्ड वाचवी. आता असे हात कमी होत चालले आहेत. बदलायला सांगणं सोपं, डाख देणं अवघड.

‘‘काका, ही एक पट्टी गेलीय वाटतं,’’ गडी म्हणाला. ‘‘दुसरी चांगली असावी. खरं पहिल्या खाचेत घेईना, तिसऱ्या खाचेत लावून बघतो.’’

त्यानं पट्टी तिसऱ्या खाचेत दाबली. दोन्ही कुंड्या टक टक करून बसल्या. पावसाचा जोर वाढला होता, गल्लीतून जाणाऱ्या दुधाच्या गाडीच्या घंटीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. त्यानं बटण दाबलं.

एक आखूड शिटी.

काका खुर्चीतून उठले. मॉनिटर एकदा उजळला, विझला, पुन्हा उजळला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उतरली. प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा, निम्मा झालेला. खाली एक ओळ होती: तारीख आणि मांडण्या पुसल्या गेल्या आहेत, पुढं जायला एफ वन दाबा. गड्यानं वायर काढून बोर्डावरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी नखानं उचकटली. सीआर २०३२, तीन व्होल्टची. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम तिचं. मल्टिमीटरवर तीनऐवजी दोनच्या आसपास आकडा आला. खिशातल्या पाकिटातून नवी काढून त्यानं बसवली, हार्ड डिस्कची वायर जोडली, पुन्हा बटण दाबलं आणि बायोसच्या निळ्या पानावर गेला. यंत्राच्या मते ते बरीच वर्षं मागं होतं. वर जानेवारीची पहिली तारीख दिसत होती.

त्यानं कीबोर्ड पुढं ओढला आणि बाणाची कळ दाबत वर्षाच्या आकड्यापाशी थांबला.

‘‘आज तारीख किती ओ काका?’’

काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडं बघितलं आणि सांगितली.